सालीसकट केळं

निघायच्या आधी बाबांनी मागच्या सीटवर केळ्यांची मोठी फणी ठेवली. केळी जास्तच पिकलेली होती, देठापाशी काळी पडलेली. बंद गाडीत त्यांचा वास भरला आणि पुढचे दोन दिवस तो गेला नाही. तो गोडसर, कुजका वास मला सहन होत नाही. मी काच खाली केली.

"एवढे केळं कोन खाईन?" आईने फाटकातून विचारलं.

"लागतेत," बाबा म्हणाले.

आईने पुढे विचारलं नाही. केळी कोणासाठी लागतात हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आदिलाबादमध्ये आमचं नवीन घर नुकतंच बांधून झालं होतं. बाबा सरकारी शाळेत मास्तर होते, त्याच वर्षी निवृत्त झाले. घरभरणीचं जेवण ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं की दोन जुन्या मित्रांना फोनवर सांगायचं नाही, घरी जाऊन बोलवायचं. एक इंद्रवेल्लीला, दुसरा बेला या गावाजवळ, बाबांच्या मूळ गावी. जाताना घाई करायची नाही, वाटेत थांबायचं, आयुष्यभर बसच्या खिडकीतून जे पाहिलं ते उतरून पाहायचं. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी. मला लोकांच्या घरी जायला आवडत नाही. "सध्या काय करते बाई?" असं कोणी विचारलं की माझे शब्द इंग्रजीत अडकतात आणि तिथेच राहतात. पण गाडी चालवणाऱ्याशी कोणी फार बोलत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

जेवण बुधवारी ठेवलं होतं. आईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले, रविवार ठेवा, लोकांना सुट्टी असते. बाबा ऐकेनात. बुधवारचं कारण होतं बेल्याच्या काकांचे उपास.

हे काका म्हणजे बाबांचे पहिलीपासूनचे मित्र. आम्ही बौद्ध. काकांचं घर गावातलं मोठं शेतकऱ्याचं, आणि माझे आजोबा त्याच घरी सालगडी होते. मुलं मात्र एका बाकावर बसली. काकांची गणितं बाबा सोडवायचे, काका बाबांना सायकल द्यायचे. पुढे काका कापूस विकायला किंवा तहसिलीच्या कामाला आदिलाबादला आले की आमच्याकडे यायचेच. दोन-दोन तास बसायचे, मोठ्याने हसायचे, मला "आमची इंग्लिशवाली" म्हणायचे. पण ते आले की त्यांचा उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी-शुक्रवारीही कोणत्यातरी देवाचा, शनिवारी मारुतीचा, रविवारी आले तर सूर्यनारायणाचा. "चहा बी नाही चालत वहिनी, लई कडक हाय." मग आई ताटलीत केळं ठेवायची आणि काका ते सावकाश सोलून खायचे. शाळेत मी एका निबंधात लिहिलं होतं की आमच्या ओळखीत एक फार धार्मिक काका आहेत.

साल असलेलं फळ कोणाच्याही हातचं चालतं, हे मला हैदराबादला कॉलेजात असताना कळलं. कोणी मुद्दाम सांगितलं नाही. मेसमध्ये दुसऱ्याच कोणाबद्दल दोन मुली बोलत होत्या, मी ताट घेऊन मागे उभी होते. बाबांना ते केव्हा कळलं, मी विचारलेलं नाही.

बुधवारी मात्र काका कधी आले नव्हते, म्हणजे बुधवार मोकळा. नव्या घरात जेवायच्या जागी पंखा लावताना बाबांनी इलेक्ट्रिशियनला फरशीवर बोट ठेवून दाखवलं होतं, "इथं बसन माहा दोस्त. हवा बराबर त्याच्यावर आली पाह्यजे." त्या घराकडून बाबांना एवढंच हवं होतं. काकांनी पंख्याखाली बसून आईच्या हातचं जेवावं.

शनिवारी सकाळी निघालो. इंद्रवेल्लीच्या अलीकडे सागाचं जंगल लागतं, तिथे एका वळणावर बाबांनी थांबवलं. खाली दरी, पलीकडे डोंगर, पावसाळा संपून महिना झाला तरी सगळं हिरवं. बाबा कठड्यावर हात ठेवून बघत राहिले. मी खाली पाहिलं. कठड्याच्या पायथ्याशी फुटक्या बाटल्या, लहान मुलांचे वापरलेले डायपर, तंबाखूच्या खर्ऱ्याचे प्लास्टिकचे तुकडे, आणि एका दगडावर कोणीतरी नुकतंच ओकलेलं. लोक इथवर सौंदर्य बघायला येतात आणि पोटातलं सगळं इथेच टाकून जातात.

"किती मस्त दिसते नाही?" बाबा म्हणाले.

मी श्वास रोखून "हो" म्हटलं.

इंद्रवेल्लीचे काका बाबांबरोबर शिक्षक-प्रशिक्षणाच्या होस्टेलात एका खोलीत राहिलेले. गोंड, उंच, केस माझ्या बाबांहून जास्त पांढरे झालेले. त्यांनी बाबांना मिठी मारली, आणि मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्या हातात खर्रा होता. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून ते सतत घोटत होते, बोलता बोलता चिमूट तोंडात टाकत होते आणि अंगणाच्या कडेला थुंकत होते. भिंतीचा तो कोपरा तांबूस काळा होऊन गेला होता. त्यावर माशा.

दुपारी गावरान कोंबडीचं जेवण होतं. काकांनी हात धुतला, पण कसा, ते मी पाहिलं. पाण्यातून फक्त काढला. जेवताना त्यांना आपल्या ताटातली हाडाची एक नळी आवडली नाही की जास्तच आवडली, कळलं नाही. ती त्यांनी एकदा चोखली, "हे तुयं, लेका," म्हणून बाबांच्या ताटात टाकली, आणि बाबांनी ती उचलून चोखली. होस्टेलात ते एकाच ताटात जेवत, हे मी अनेकदा ऐकलं होतं. ऐकणं वेगळं. मी पाणी प्यायले, तर पेल्याच्या काठाला तिखटाची बोटं होती.

"बुधवारी या लागते," बाबांनी आमंत्रण दिलं.

"बुधवारी काऊन बे? बुधवारी कोन मोकळं असते? माही सूनबाई ड्युटीवर, पोरगा ड्युटीवर. मले आनन कोन?"

"बेल्यावाल्याचा बुधवारी उपास नसते."

काका हसले. हसताना दाताच्या फटींतला लाल चोथा दिसला. ते उठून कोपऱ्यात थुंकून आले आणि मग म्हणाले, "त्याले वाराचा उपास नाही लागत मास्तर. त्याले तुयं घर दिसलं का उपास लागते."

बाबांनी हाडाचा चुरा ताटाच्या कडेला नीट गोळा केला. "तसा नाही तो," म्हणाले.

रात्री तिथेच राहिलो. मी उशीवर स्वतःची ओढणी अंथरली.

रविवारी आदिलाबादवरून परत फिरून, जैनथ ओलांडून बेल्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. बाबांनी दोनदा गाडी थांबवली, एकदा उगाच, एकदा त्यांची जुनी शाळा दाखवायला. शाळेच्या व्हरांड्यात डुकरं झोपली होती. काकांच्या घराशी पोचलो तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. टाइल्स पुसलेल्या, सोफ्यावर धुतलेली कव्हरं, कोपऱ्यात पाण्याचं फिल्टर. काकूंनी पाणी आणलं ते कोऱ्या कागदी ग्लासातून. कालच्या पेल्यानंतर तो कागदी ग्लास मला इतका स्वच्छ वाटला की मी दोन ग्लास प्यायले.

बाबांनी अर्धी फणी गाडीत ठेवली होती, अर्धी काकूंच्या हातात दिली.

"भाऊजी, कायले तरास घेतला," काकू म्हणाल्या आणि केळी आत घेऊन गेल्या.

जेवण सोफ्यापुढच्या टेबलावर आलं. बाबांना आणि मला पत्रावळी, कागदाच्या, चंदेरी मुलाम्याच्या. मला वाटलं पाहुण्यांसाठी सगळ्यांनाच असतील. मग काकूंनी काकांसमोर स्टीलचं ताट ठेवलं. त्यात वाट्या होत्या, पेला होता, पेल्यावर काकांचं नाव कोरलेलं होतं. काका मांडी घालून बसले आणि जेवायला लागले. भाकरी, वांग्याची भाजी, वरून तेल. मी त्यांना जेवताना पहिल्यांदाच पाहत होते. ते चांगले खातात. ते दुसरी भाकरी मोडत असताना माझ्या लक्षात आलं, आज रविवार.

सूर्यनारायणाबद्दल कोणी काही बोललं नाही.

माझ्या पत्रावळीतून वरण झिरपून टेबलावर ओघळ आला. काकूंनी लगेच फडकं आणलं, पण पत्रावळ उचलून पुसायच्या ऐवजी तिच्या भोवतीनेच पुसलं. कालची नळी मी विसरले नव्हते. पण ती आठवून येणारी किळस वेगळी, आणि हे वेगळं. हे अंगावर चढत होतं. आपल्याच अंगाला वास येतोय असं वाटून मी नकळत बाही नाकाशी नेली.

"घर झालं म्हनते मास्तर," काका म्हणाले.

"झालं. बुधवारी जेवन हाय. तुले या लागते, घरादारासंगं."

"बुधवारी?" काकांनी घास चावून गिळला. "बुधवार तं मी आता धरला ना. गुडघ्यासाठी. एका बाबाजीनं सांगतलं."

काकू दारात भाकरी घेऊन उभ्या होत्या. "कवा धरला? मांगच्या बुधवारी तं मटनाचा रस्सा कमी पडला म्हून डोकं खाल्लं माहं."

फिल्टरमधून पाणी टपकत होतं.

"तुले काय समजते?" काका म्हणाले. "येत्या बुधवारपासून धरून राह्यलो."

"धर ना," बाबा लगेच म्हणाले. "उपासाचं वेगळं करू. साबुदाना करू तुयासाठी."

"साबुदाना नाही चालत याले."

"मंग भगर."

"मीठ बी नाही चालत."

"मंग काय चालते?"

काकांनी ताटाकडे पाहत म्हटलं, "फळं चालतेत."

काकूंच्या हातातली भाकरी कोणीच घेतली नाही. त्या आत गेल्या. जेवण संपल्यावर बाबांनी स्वतःची आणि माझी पत्रावळ एकात एक दुमडली, ग्लास त्यात खुपसले, आणि मागच्या दाराने निघाले. न्हाणीला वळसा घालून, गोठ्याच्या पलीकडे. उकिरडा कुठे आहे ते त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. काका तोवर टॉवेलने तोंड पुसून सुपारी कातरत होते.

मला वाटलं आता निघू. पण काकांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. "चाल, पैनगंगा पाहून येऊ," ते म्हणाले. "आपन पोहत होतो तिथं. पोरीले दाखवू." बाबा असे उठले की जणू काहीच झालं नव्हतं. मला त्यांचा राग आला.

काका माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसले. बसायच्या आधी खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी सीटवर अंथरलं. "घामानं खराब व्हईन तुयी गाडी," मला म्हणाले. खराब होण्यासारखी आमची गाडी नाही, सेकंडहँड आहे. वाटभर ते मागे वळून बाबांशी बोलत होते, कोणत्या झाडावरून कोण पडलं, कोणत्या मास्तराने कोणाला मारलं. दोघं खूप हसत होते. खोटं हसत नव्हते, तेच मला जास्त घाण वाटलं.

नदीचं पात्र रुंद होतं आणि पाणी एका कडेने वाहत होतं. पलीकडे महाराष्ट्र. दुरून चांगलं दिसलं. जवळ गेल्यावर काठाच्या चिखलात देवांचे फुटके फोटो, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, कोणाच्यातरी दहाव्याचे केस. ओल्या केसांचा पुंजका माझ्या चपलेला चिकटला आणि मी तो दगडावर घासून काढला, तरी काही केस पट्ट्यात राहिले. आसपास कोणी माणूस नव्हता. नुसत्या दोन म्हशी पाण्यात.

दोघं मित्र एका खडकावर बसले. बाबांनी मला गाडीतली उरलेली केळी आणायला सांगितली. मी आणली. उन्हात ती आणखी मऊ झाली होती.

बाबांनी एक केळं तोडलं. नेहमी ते तसंच पुढे करतात. या वेळी त्यांनी ते सोललं. नुसतं वरून नाही, पूर्ण, आणि साल बाजूला ठेवली. मग उघडं केळं तळहातावर घेऊन हात काकांसमोर धरला.

"घे."

काकांनी केळ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आत्ताच तं जेवलो बे."

"एक केळं काय जड हाय. घे."

काकांनी ते उचललं. क्षणभर मला वाटलं झालं. मग त्यांनी ते कपाळाला लावलं, डोळे मिटले, आणि नदीत सोडून दिलं. "पयलं फळ गंगामायले," म्हणाले आणि हात जोडले. केळं थोडं बुडालं, वर आलं, आणि निर्माल्याच्या पिशव्यांपाशी जाऊन अडकलं.

देवाला ढाल करणारे लोक मी पाहिले होते. इतक्या सहज करणारा माणूस इतक्या जवळून पाहिला नव्हता.

बाबांनी दुसरं केळं तोडलं. तितक्याच सावकाश सोललं. एक धागा राहिला होता, तो नखाने काढला. हात पुन्हा पुढे केला.

"तिचं झालं," बाबा म्हणाले. "हे तुयं."

काकांनी मागे वळून काठाकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. माझ्याकडे पाहिलं. मी म्हशींकडे पाहू लागले, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. बाबांनी हात मागे घेतला नाही.

काकांनी ते घेतलं आणि खाल्लं. दोन घासांत, जवळजवळ न चावता, कडू गोळी गिळावी तसं. मग पँट वर ओढून ते पाण्यात उतरले, ओंजळ भरली आणि चूळ भरली. पुन्हा ओंजळ, पुन्हा चूळ. बोट घालून हिरड्या घासल्या. खाकरले, थुंकले, पुन्हा ओंजळ. ज्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या आणि दहाव्याचे केस टाकले होते त्या पाण्याने ते तोंड स्वच्छ करत होते.

जेवल्यावर सगळेच चूळ भरतात. पण दीड तासापूर्वी दोन भाकरी खाऊन त्यांनी भरली नव्हती.

मी बाबांकडे पाहिलं. ते दोन्ही साली एकात एक दुमडत होते, पत्रावळी दुमडल्या तशाच. वर बघत नव्हते. पण ऐकत होते. ती खाकर न ऐकू येण्यासारखी नव्हती.

काकांना आम्ही घरी सोडलं. उपरणं झटकून त्यांनी खांद्यावर टाकलं, बाबांचा दंड दाबला आणि म्हणाले, "बुधवारचं पाहू मंग." काकू दारापर्यंत आल्या. त्यांनी गरम पुरणपोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खाय बाई वाटेत."

जैनथपर्यंत बाबा खिडकीतून कापूस बघत राहिले. मग म्हणाले, "खाल्लं त्यानं."

मी गिअर बदलला.

"खाल्लं ना?"

"हो."

बराच वेळ कापसाचे ट्रॅक्टर समोरून येत राहिले. पोळ्यांचं तूप पिशवीतून माझ्या सीटवर उतरलं होतं, त्याचा आणि केळ्याच्या सालींचा मिळून वास येत होता. साली बाबांनी फेकल्या नव्हत्या. त्या त्यांच्या मांडीवर होत्या.

"तुह्या आईले फोन लाव," शेवटी ते म्हणाले. "जेवन रविवारी ठेवू म्हना."

"आणि काका?"

"सांगू त्याले. आला तं आला." त्यांनी काच खाली केली आणि साली बाहेर टाकल्या. मग थोडं थांबून, "इंद्रवेल्लीवाल्याले आधी विचार, रविवारी पोरगा आनून देते काय. त्याले पंख्याखाली बसवू. आन आईले सांग, थुकाले एक डबा ठेव म्हना त्याच्यापाशी. नाही तं नवी भित खराब करन."

मला तो डबा आत्ताच डोळ्यांसमोर दिसला, तळाशी लाल पाणी, वर माशा, आणि तो रिकामा करायला मलाच सांगणार तेही कळलं. मी गाडी कडेला घेऊन आईला फोन लावला.

डबा मीच आणला. झाकणाचा.